मावशी, मी मोजलंच नव्हतं

मावशी, तुझ्या पायात जोडवी गेली नाहीत.

हिरवं लुगडं नेसवून झालं, बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली, आणि मग तुझी थोरली जाऊ जोडवी घेऊन तुझ्या पायाशी बसली. आधी तिनं साबण लावून पाहिला, मग तेल. बोटं इतकी सुजलेली की जोडवं नखापाशीच अडायचं. तुझ्या मिसरीच्या डबीत सापडली होती ती. "कवाधरनं काढून ठिवली व्हती गं हिनं?" जाऊबाईंनी विचारलं. घरात वीसेक बायका होत्या, एकीलाही सांगता येईना. मला माहीत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "दोऱ्यानं बांद," आणि रीळ माझ्याच हातात दिलं. मी दोन्ही पायांना जोडवी दोऱ्यानं बांधली. गाठ नीट बसेना, तीनदा सोडून बांधली.

परवा तुझा तेरावा झाला. पाहुणे पांगले, आणि तुझे मालक, तात्या, ओसरीवर एकटे बसून असतात. तेरा दिवस ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, सवाष्ण गेली, भाग्याची होती. ऐकून ऐकून माझे कान किटले. बसल्या जागी श्वासासाठी झगडून गेलेल्या बाईला भाग्याची म्हणायचं म्हणजे कमाल आहे. आणखी एक गोष्ट सगळे म्हणत होते, की तुला कॅन्सरनं नेलं. तेही खरं नाही. तुझी गाठ काढली होती आणि ती परत आली नव्हती. तू गेलीस ती हृदयानं, आणि हृदय खराब झालं ते गाठीवरच्या औषधानं. असं होऊ शकतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं, म्हणून मधेच तपासणी करतात. ती तपासणी मी केली होती.

तू आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायचीस. "ही आमची परभनीची वैशाली. पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात हाय. काळजाचा फोटू काढती." फोटो नाही गं, इको, असं मी किती वेळा सांगितलं असेल. छातीवर गार जेल लावून एक छोटं यंत्र टेकवायचं, की आतलं हृदय पडद्यावर हलताना दिसतं. मग त्याचा डावा कप्पा दर ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलतो ते शंभरात मोजायचं. साठच्या आसपास असलं की बरं. मोजमाप मी करायचं, डॉक्टरांनी नजर टाकून सही करायची. "मंग समदं तूच करतीस की," तू म्हणायचीस, "त्यो नुसता सही ठोकतो." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

दोन हजार तीन साली आम्ही हिंजवडीजवळ चांद्यात तुझ्याकडे भाड्यानं राहायला आलो. ह्यांना हिंजवडीत एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली होती आणि तुम्ही शेताच्या कडेला नव्या चार खोल्या बांधल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं, "तुम्ही पाणी किती वाजता सोडता?" तू कमरेवर हात ठेवून मला खालपासून वरपर्यंत बघितलंस. "तुमी कुनाला म्हनतीस? मी काय तलाठीन हाय?" त्या दिवसापासून मी तुला तू म्हणायला लागले. माझी आई परभणीला, सासू तिकडेच, आणि इथे रोज उठून कुणी भांडायला लागतं ते तू होतीस.

आपलं मोठं भांडण भाकरीचं. तुझी तांदळाची, माझी ज्वारीची. माझ्या भाकरीला तू गोवरी म्हणायचीस. "बया, तुमच्याकडची मान्सं दात घासायला खात्यात का काय ही?" मी म्हणायची, तुझी भाकरी तोंडात घातली की कळतच नाही खाल्ली का नुसता घास फिरवला. तीन वर्षं हे चाललं. भात झोडणीच्या दिवसांत तू मुद्दाम नव्या तांदळाच्या चार भाकऱ्या आणि पावट्याची आमटी माझ्या दारात ठेवून जायचीस, आणि मी त्या चारही संपवायची. ते मी तुला कधी कबूल केलं नाही. ह्यांनी सांगितलं असेल तर माहीत नाही.

गाठ तू मला आखाडात दाखवलीस. धुणं धुता धुता हाताला ओढून घरात नेलंस. "हितं सुपारीवानी कायतरी लागतंय बघ." डाव्या बाजूला होती. कधीपासून आहे विचारलं तर म्हणालीस, "पेरणीच्या आदीपास्नं." मी ओरडले. तू शांतपणे म्हणालीस, "लावनी उरकू दे, मंग बघू." लावणी अर्धी टाकून मी तुला नेलं, त्यावरूनही तू आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हतीस. आपल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. त्याआधी तुझा इको मीच केला. नीट केला. कप्प्याची आतली कड माउसनं पूर्ण गिरवून, दोनदा मोजून. बासष्ट आले. तू विचारलंस, "पास?" मी म्हटलं, पहिला वर्ग.

ऑपरेशननंतर औषधं देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी आपल्या तिघांना बसवून समजावलं होतं. तू, तात्या आणि मी. सहा वेळा औषध, दर तीन आठवड्यांनी. लाल रंगाचं, लघवीलाही लाल होईल, घाबरायचं नाही. केस जातील, परत येतील. आणि मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे औषध हृदयाच्या स्नायूला मारतं. सगळ्यांच्या नाही, काहींच्या. मावशींचं वय आहे, बीपी आहे. चार झाले की इको हवाच. आकडा दहानं जरी घसरला तरी मला कळला पाहिजे. वेळेत कळलं तर औषध बदलता येतं, हृदयाच्या गोळ्या सुरू करता येतात. बाईला दम लागेपर्यंत थांबलो तर बराच उशीर झालेला असतो." मी मान हलवली. मला हे सगळं आधीच ठाऊक होतं, माझं रोजचं काम ते.

तू मात्र त्या सगळ्यातलं एकच धरलंस. सहा. माले गावची तात्यांची बहीण, तुझी नणंद, तिनं तीन सुया घेऊन सोडून दिल्या होत्या, सहन होत नाही म्हणून. दोन वर्षांत गाठ परत आली आणि ती गेली. तिचं शेवटचं तू केलं होतंस. त्यामुळे घरी येताच तू देव्हाऱ्यात एका वाटीत सहा सुपाऱ्या मांडल्यास. प्रत्येक सुई झाली की एक सुपारी ओढ्यात सोडून यायची. "साच्या सा गेल्या पायजेत. पाचीवर मी मरनार न्हाई." मी हसले होते. तुझी जिद्द बघून मॅडमसुद्धा खूश होत्या.

गौरी-गणपतीत तुझे केस गेले. तू त्यावर रडलीस ते मी एकदाच पाहिलं, तेही चुलीचा धूर लागला असं सांगून. तोंडाची चव गेली. तांदळाची भाकरी तुझ्याच घशाखाली उतरेना. मग मी ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील करून आणली, ताक घालून, जिरं घालून. तू वाटीभर प्यालीस आणि ती टिकली. "कशाची हाय?" तू विचारलंस. ज्वारीची, मी म्हटलं. तू वाटीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "पीठ बरं हाय. भाकरीच करू नका तुमी त्याची." तीन वर्षांतली तुझी एवढीच माघार.

आता दिवाळी. हे मला सांगायचं आहे आणि हेच सांगता येत नाही.

चौथी सुई होऊन आठवडा झाला होता. पाडव्याच्या सकाळी तू ओसरीवर पाय पसरून बसली होतीस आणि तुझ्या बोटांत जोडवी नव्हती. नवरा जिवंत असताना तू जोडवी काढशील हे कुणी मला सांगितलं असतं तर मी हसले असते. ऑपरेशनला नेतानासुद्धा तू सिस्टरशी भांडली होतीस त्यांच्यावरून, शेवटी त्यांनी वर पट्टी गुंडाळली. मी विचारलं, जोडवी कुठं गेली गं? तू पाय लुगड्याखाली ओढून घेतलेस. "नखं काळी पडल्यात औषदानं. टोचतंय." त्या औषधानं नखं काळी पडतात हे मला माहीत होतं, त्यामुळे मला ते लगेच पटलं. मी काळजाचा फोटो काढणारी बाई, पाय सुजणं हे हृदय थकल्याचं लक्षण असतं हे शिकाऊ पोरींना शिकवणारी, मी तुला पाय दाखव म्हटलं नाही. सणाचा दिवस होता. तू करंज्या दिल्यास, मी खाल्ल्या.

त्यानंतर पाचेक दिवसांनी इकोची तारीख. हिंजवडीपर्यंत आपण सहा आसनी रिक्षातून गेलो, तिथून बसनं. सहा आसनीत तू माझ्या कानाशी तोंड आणून विचारलंस, "खराब निघालं तर सुई बंद करत्यात?"

"बंद नाही, बदलतात."

"बदललेली लागू पडंल का?"

"ते मी कसं सांगू मावशी?"

"मंग चांगलंच येऊ दे," तू म्हणालीस, आणि रस्ताभर काही बोलली नाहीस. वैतागलेली आहेस असं मला वाटलं. बोलायला तुला दम पुरत नव्हता हे मला आता कळतं.

आमच्या विभागात एक रीत आहे. आपल्या माणसाचा इको आपण करायचा नाही, सोबतिणीला द्यायचा. कागदावर कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. माझी सोबतीण पुढे आलीही. तू हात झटकलास. "न्हाई. माजी वैशालीच करंल. परक्या बाईम्होरं मी छाती उघडी टाकायची न्हाई." सोबतिणीच्या, सिस्टरच्या, सगळ्यांसमोर तू मला माझी म्हणालीस. मी सोबतिणीला म्हटलं, राहू दे, मी बघते. खरं सांगू, माझी छाती फुगली होती.

दार लावून घेतलं. तुला डाव्या कुशीवर वळवलं. तुझ्या पायांना गार वाटू नये म्हणून कपाटातून चादर काढून मीच पायांवर टाकली. मावशी, ती चादर मी टाकली. ती टाकली नसती तर समोर तुझे पाय होते.

हृदय जिथून नीट दिसतं ती जागा डाव्या छातीखाली, बरगड्यांच्या फटीत. तुझी तीच बाजू कापलेली. टाक्यांचा वण अजून लाल होता, कातडी हाडाला चिकटलेली. मी जेल लावलं. तू पदराचं टोक दातात धरलंस. मी यंत्र टेकवून दाबलं आणि तुझं सगळं अंग आखडलं. "दुखतंय?" "न्हाई, तू कर." डोळ्यांतून पाणी मात्र उशीवर उतरलं. मी हात हलका केला. चित्र लगेच धूसर झालं, कप्प्याची कड दिसेना. पुन्हा दाबलं, पुन्हा तुझे डोळे भरले. मी हात उचलला.

कड दिसत नसेल तर गिरवता येत नाही, आणि गिरवलं नाही तर मोजता येत नाही. मग आमच्यात एक दुसरी पद्धत असते, हलणाऱ्या हृदयाकडे बघून नजरेनं अंदाज करायचा. चांगल्या नजरेचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो, माझाही यायचा. पण बरं चाललंय आणि थोडं कमी चाललंय, यातला फरक नजरेला पकडता येत नाही. तिथेच तर मोजायचं असतं. मॅडमला तोच फरक हवा होता. मी धूसर पडद्याकडे बघितलं, तुझ्या जुन्या कागदावरच्या बासष्टकडे बघितलं, आणि साठ लिहिलं. नाडी एकशे दहा होती, ती तुझ्या घाबरण्याच्या खात्यात टाकली. डॉक्टरांनी उभ्या उभ्या सही केली. बाहेर पंधरा माणसं ताटकळत होती आणि माझ्या नजरेवर त्यांचा भरवसा होता.

"पास?" तू ब्लाऊजच्या गुंड्या लावत विचारलंस. मी म्हटलं, पास.

मी किती वेळा स्वतःला विचारलं असेल, की मी साठ का लिहिलं. तू सहा आसनीत म्हणालीस म्हणून? तसं म्हटलं तर ओझं तुझ्यावर टाकता येतं. पण ते खरं नाही. तुझं दुखणं मला बघवलं नाही म्हणून लिहिलं. अनोळखी बाई असती तर मी म्हटलं असतं, दोन मिनिटं कळ काढा, आणि दाबलं असतं. रोज दाबते. तुझ्या बाबतीत मी दयाळू झाले आणि त्या दयेत माझं काम गेलं.

पाचवी सुई झाली. सहावी झाली. शेवटची सुपारी ओढ्यात सोडून आलीस आणि सगळ्या आळीला शिरा वाटलास. येताना बांधावर दोनदा बसलीस म्हणे. पुढे तू दुपारी आडवी होईनाशी झालीस, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावायचीस. तात्या म्हणायचे, अशक्तपणा हाय. मीही तेच म्हणायची. संक्रांतीला वाण द्यायला माझ्या खोलीच्या तीन पायऱ्या चढलीस आणि "तिळगूळ घ्या" एवढं म्हणायला तुला दोन श्वास लागले. मी ताटातून वर बघितलं. त्या क्षणी मला सगळं कळलं, जोडव्यांसकट.

दुसऱ्या दिवशीचा इको डॉक्टरांनी स्वतः केला. मी मागे भिंतीशी उभी. मोजायची गरजच नव्हती, हृदय मोठं होऊन नुसतं थरथरत होतं. पंचवीस. त्यांनी जुना कागद काढला, साठवर बोट ठेवलं. "हा कोणी केला?" मी म्हटलं, मी. त्यांनी कागद मॅडमकडे पाठवला. मॅडमनी तो फाइलमध्ये परत ठेवताना माझ्याकडे बघायचं टाळलं. मला कुणी नोकरीवरून काढलं नाही. कुणी लेखी विचारलं नाही. असे अंदाज सगळेच लिहितात.

तुझ्यावर मला रागही आहे मावशी, आणि तो मी गिळणार नाही. चार पावलं चालून दम लागतोय, एवढं एक वाक्य सांगायचं होतंस. माझ्याशी पाण्यावरून, भाकरीवरून, लावणीवरून तोंड सोडून भांडलीस, आणि जिथं जीव जायची पाळी तिथं गप्प बसलीस. मी तुझी होते ना? मग मला फसवलंस कशाला? मी आंबील ढवळत असायची आणि तू लुगड्याखाली पाय लपवून बसलेली असायचीस.

शेवटचे अठरा दिवस तू वॉर्डात होतीस. मी रोज दुपारच्या सुट्टीत यायची. तीनदा तर ठरवून आले, आज सांगायचंच, मावशी, मी त्या दिवशी मोजलं नव्हतं. पहिल्यांदा तुला झोप लागली होती. दुसऱ्यांदा तू माझा हात धरून म्हणालीस, "साच्या सा झाल्या बघ," इतक्या समाधानानं, की मी तुझं पांघरूण सारखं करून परत गेले. तिसऱ्यांदा मी सुरुवात केली होती, "मावशी, दिवाळीनंतर..." आणि तू म्हणालीस, "आंबील आनलीस का?" डब्यात होती. दोन चमचे घेतलेस. "मीठ कमी हाय," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. त्यामुळे आपलं शेवटचं बोलणं मिठावर झालं.

काल दुपारी मी तात्यांपाशी जाऊन बसले. ते बियाण्यासाठी पावट्याच्या वाळक्या शेंगा सोलत होते. मीही सुपात हात घातला. थोड्या शेंगा झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं. साठ कसे लिहिले, का लिहिले, खरे आकडे तेव्हा घसरलेले असणार, तेव्हा कळलं असतं तर उरलेल्या दोन सुया थांबवून औषध बदलता आलं असतं, कदाचित. कदाचित हा शब्द मी दोनदा म्हटला. ते मान खाली घालून ऐकत होते.

मग म्हणाले, "जोडवी मीच काढली व्हती. साबन लावून. वसुबारसेला." मी हातातली शेंग सुपात ठेवली. "रुतून बसली व्हती, कळ मारत व्हती तिला. मला म्हनली, वैशालीला सांगू नगा. तिला कळलं तर ती सुई बंद पाडंल. देवाची आन घातली." त्यांनी एक शेंग उगाच दोनदा सोलल्यासारखी केली. "मी बी न्हाई सांगितलं."

तू लपवलंस, त्यांनी लपवलं, मी बघितलं नाही. तिघांनीही तुझ्यासाठीच केलं.

मग उठता उठता ते म्हणाले, "त्या फोटूच्या दिशी घरी आली ना, लई खूश व्हती. मला म्हनली, दवाखान्यात समद्या जनी दाबून दाबून जीव काढत्यात. आपल्या वैशूनं येक कळ येऊ दिली न्हाई."

मावशी, मला शिव्या चालल्या असत्या. तात्यांनी खोली रिकामी कर म्हटलं असतं तरी मी निमूट सामान बांधलं असतं. हे वाक्य घेऊन मी कुठं जाऊ?

आज मी कामावर परत गेले. अकराच्या सुमारास घोटावड्याची एक बाई आली. तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. डाव्या बाजूचं ऑपरेशन, चार सुया झालेल्या, डोक्याला रुमाल. मशीन चालू करायच्या आधी मी म्हटलं, ताई, पाय दाखवा. ती चक्रावली, पण दाखवले. घोट्यापाशी बोट दाबलं तर किंचित खळगा राहिला. मग कुशीवर वळवलं, जेल लावलं आणि यंत्र टाक्यांच्या कडेला घट्ट दाबलं. ती कळवळली. मी सांगितलं, दुखेल, पण मी हात काढणार नाही. ती रडली. मग चिडली. "मानूस हायेस का कोन तू?" म्हणाली, आणखी बरंच म्हणाली. कड दिसेपर्यंत मी दाबून धरलं. गिरवली. पुन्हा गिरवली. तिसऱ्यांदाही गिरवली, आणि तिन्ही वेळा तेच आलं. तिच्या जुन्या कागदावर एकसष्ट होते.

पदर सावरत ती उठली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. मावशी, मी एकोणपन्नास लिहिलं, आणि कागद हातात घेऊन मॅडमकडे चालत गेले.